लोकमान्य टिळक आणि त्यांचे पंच

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, या कार्यकारी मंडळाच्या इच्छेस मान देऊन यंदा लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्याविषयी लिहावयास घेतले आहे. लोकमान्य कोणत्या ज्ञातीत जन्मले, आपल्या की दुसऱ्या, हा प्रश्न वाचकांनी काढू नये अशी विनंती आहे. थोर माणसांची नावे आपापल्या ज्ञातीच्या वहीत चढवून घेण्याची हौस अलीकडे फार बळावली आहे. ती मला बरी वाटत नाही, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी तर ती अगदीच विसंगत ठरेल. शेंगांच्या टरफलांपासून चौपाटीवरील अंत्यविधीपर्यंतची हकीकत आपल्या घरांतील शाळकरी मुलांसही पाठ आहे. ती परीक्षेत लिहून कित्येकांनी मजकडून गुणही मिळविले आहेत. म्हणून ती सारी पुन्हा न उगाळता त्या चरित्रातील एकच धागा येथे हाती धरला आहे. लोकमान्यांच्या आयुष्यात चार वेळा ज्युरी बसली. त्या ज्युरीत कोण बसले होते, त्यांचा लोकमान्यांशी व सरकारशी कोणता संबंध होता, आणि अशा संबंधामुळे मनुष्याचे मन आधीच एका बाजूस कललेले आहे असे न्यायालयाने केव्हा धरून चालावे, हा तो धागा होय.

ज्युरी म्हणजे काय, हे तरुण वाचकांस थोडे सांगावे लागेल, कारण फौजदारी खटल्यांतील ती पद्धत आपल्या देशात आता उरलेली नाही. कायदा काय आहे ते न्यायाधीशाने सांगावयाचे आणि आरोपीने गुन्हा केला की नाही हे गावच्या प्रतिष्ठित गृहस्थांनी ठरवावयाचे, अशी ती इंग्रजी व्यवस्था. मुंबईच्या हायकोर्टात असे नऊ गृहस्थ चिठ्ठ्या काढून निवडले जात. इंग्लंडात सर्वांचे एकमत लागे. येथे तसे नव्हते. नवांपैकी निदान सहांचे मत एका बाजूस पडले आणि न्यायाधीशास ते पटले, म्हणजे निकाल होई. पाच विरुद्ध चार असा तट पडला तर ती ज्युरी मोडावी लागे. सहा हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

निवडीच्या वेळी हरकत घेण्याची सोय कायद्याने ठेवली होती. हायकोर्टात सरकारला आठ आणि आरोपीला आठ माणसे कारण न सांगता नाकारता येत. त्यापलीकडे हरकत घ्यावयाची तर कारण दाखवावे लागे, आणि त्या कारणांच्या यादीत पहिलेच कारण पक्षपाताचे होते. त्याचे शब्द मोठे विचाराने घातलेले होते. पक्षपात प्रत्यक्ष असला तरी चाले किंवा गृहीत धरण्याजोगा असला तरी चाले. प्रत्यक्ष म्हणजे त्या मनुष्याने काही बोलून वा करून आपले मन उघड केलेले असणे. गृहीत म्हणजे त्याने तोंडातून अक्षर काढले नसले तरी त्याचे नातेच असे असणे की त्याला तेथे बसवू नये.

जुन्या इंग्रजी कायदेपंडितांनी या गृहीत पक्षपाताची मोठी टाचणी करून ठेवली आहे. नवव्या पिढीपर्यंतचा रक्ताचा नातलग चालत नसे. पक्षकाराचा धनी, चाकर, कारभारी किंवा वकील चालत नसे. दाव्यात ज्याचा पैसा गुंतला आहे तो चालत नसे. एवढेच नव्हे, तर पक्षकार ज्या संस्थेचा वा मंडळाचा सभासद आहे त्याच मंडळाचा दुसरा सभासदही चालत नसे. म्हणजे आपल्या स्मरणिकेच्या यादीत ज्यांची नावे शेजारी शेजारी छापलेली आहेत त्यांना एकमेकांच्या खटल्यात पंच म्हणून बसता आले नसते! आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. याज्ञवल्क्याने राजाच्या सभेतील सभासद शत्रू व मित्र या दोघांस सारखे पाहणारे असावेत असे सांगितले आहे, आणि मनूने ज्याचा पैशाचा संबंध आहे, जो सोबती वा वैरी आहे, त्याची साक्षही नको म्हटले आहे. शाळेच्या परीक्षेत ज्याचा मुलगा बसला आहे त्या मास्तरास त्या विषयाचे पेपर तपासावयास देत नाहीत. त्या मास्तराच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणास शंका असते म्हणून नव्हे. तपासणाऱ्याचे मन तपासत बसण्यापेक्षा त्याला त्या दिवशी दूर ठेवणे सोपे आणि सर्वांच्या अब्रूचे असते.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर आता चरित्राकडे वळू. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते, हे सांगताना प्रस्तुत लेखकास थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. पुढे थोड्याच काळात आई गेली आणि १८७२ मध्ये वडीलही गेले. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १८७९ मध्ये टिळकांनी कायद्याची एल्‌एल. बी. परीक्षा दिली. सरकारी नोकरी न पत्करता विष्णुशास्त्री चिपळूणकर व आगरकर यांच्यासह त्यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८१ च्या जानेवारीत केसरी व मराठा ही पत्रे सुरू केली. वकिली त्यांनी केली नाही, पण कायद्याचा वर्ग मात्र पुण्यात चालविला. ज्या कायद्याने पुढे त्यांस तुरुंगात घातले तो त्यांनी विद्यार्थ्यांस शिकविलेला होता.

पहिली ज्युरी १८८२ सालची. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते बाहेर आले. ज्या पत्रांवर विसंबून केसरीने लिहिले होते ती बनावट ठरली, तेव्हा त्या ज्युरीविषयी कोणी फारसे बोलले नाही.

दुसरी ज्युरी १८९७ ची, आणि खरी कथा येथून सुरू होते. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबांच्या कमिटीचे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करीत, आणि त्यामुळे लोकांत किती संताप पसरला होता हे सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या केसरीत शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली होती. अफझलखानाचा वध न्याय्य होता काय, याची चर्चा त्या वृत्तान्तात होती. या लेखनाने सरकारविषयी अप्रीती पसरविली असा आरोप ठेवून टिळकांस २७ जुलै रोजी मुंबईत पकडले. खालच्या कोर्टात जामीन मिळाला नाही आणि हायकोर्टातही प्रथम मिळाला नाही. पुढे ४ ऑगस्ट रोजी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. त्या वेळी टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. हे नाव पुन्हा येणार आहे.

खटला ८ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे सुरू झाला. नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपियन होते, त्यांपैकी एक यहुदी. बाकीचे तीन म्हणजे दोन हिंदू व एक पारशी. ज्या मजकुरावरून खटला भरला तो सारा मराठीत होता. सहा युरोपियनांनी तो भाषांतरावरून वाचला. मराठीतील एखाद्या शब्दाला किती पदर असतात आणि भाषांतरात त्यांपैकी एकच कसा उरतो, हे चाळीस वर्षे मुलांना व्याकरण शिकविणाऱ्यास सांगावयास नको. यावर हरकत घेता आली नसती काय? कायद्यात भाषेचेही कलम होते, परंतु साक्ष ज्या भाषेत दुभाष्याकडून सांगितली जाते ती समजली म्हणजे पुरे, अशी त्याला पळवाट होती. इंग्रजी समजणारा इंग्रज त्या कलमाने अपात्र ठरत नव्हता.

स्ट्रेचीसाहेबांनी ज्युरीस कायदा समजावून सांगताना अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ केला. या अर्थाने पाहता परक्या राज्यकर्त्याविषयी ज्याच्या मनात प्रेमाचा उमाळा नाही तो प्रत्येक मनुष्य गुन्हेगार ठरेल. १४ सप्टेंबरला ज्युरीचे मत आले : सहा दोषी म्हणणारे, तीन निर्दोष म्हणणारे. सहा युरोपियन एका बाजूस आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूस, असेच ते सर्वत्र समजले गेले. वाचकांनी सहाचा आकडा आता आठवावा. त्या सहांतील एकाचेही मन फिरते तर पाच विरुद्ध चार होऊन ज्युरी मोडली असती. म्हणजे अठरा महिन्यांची सक्तमजुरी जी झाली ती मोजून लागतात तितक्याच मतांवर झाली, आणि ती सारी मते एकाच वर्णाची होती. प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. तेथे पुढे इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेल्या अ‍ॅस्क्विथ यांनी टिळकांची बाजू मांडली. पण अपिलास परवानगी मिळाली नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. टिळकांची लवकर सुटका व्हावी म्हणून जो अर्ज गेला त्यावर मॅक्सम्यूलर व सर विल्यम हंटर यांच्या सह्या होत्या. १८९८ च्या सप्टेंबरात ते सुटले. पुढे ताईमहाराज प्रकरणात त्यांच्यावर खोटी शपथ घेतल्याचा ठपका आला आणि खालच्या कोर्टात शिक्षाही झाली, ती १९०४ मध्ये रद्द करून त्यांचे नाव निष्कलंक करणारे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स हे इंग्रजच होते. तेव्हा इंग्रज जन्मला म्हणून तो अन्याय करणारच, असा सरसकट सिद्धान्त मांडता येत नाही, आणि लोकमान्यांनीही तो मांडला नाही.

मग सहा विरुद्ध तीन हे काय होते? माझ्या अल्पमतीस असे वाटते की, जन्म हा मुद्दा नव्हे. खटला कशाचा आहे हा मुद्दा आहे. चोरीच्या किंवा खुनाच्या खटल्यात इंग्रज ज्यूररचे आरोपीशी काही देणेघेणे नसते. राजद्रोहाच्या खटल्यात फिर्यादी सरकार असते, आणि ते सरकार त्या ज्यूररच्याच लोकांचे होते. मुंबईतील युरोपियन व्यापारी, बँकवाले, गिरण्यांचे व्यवस्थापक यांचे सारे वैभव त्या सरकारच्या टिकण्यावर अवलंबून होते. धन्याचा चाकर ज्युरीत नको असे जो कायदा म्हणतो, भागीदार नको म्हणतो, त्याने राज्याच्या भागीदारास मात्र निःपक्षपाती मानावे, ही विसंगती होय. नवव्या पिढीतला चुलतभाऊ वर्ज्य, आणि प्रत्यक्ष फिर्यादीच्या घरातला माणूस ग्राह्य!

सरकारला हे तत्त्व उमगले नव्हते असे मुळीच नाही. स्वतःच्या माणसांसाठी ते चांगले उमगले होते. गोऱ्या आरोपीला निम्मे तरी युरोपियन वा अमेरिकन ज्यूरर मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता, आणि १८८३ मध्ये इल्बर्टसाहेबांच्या बिलाने हिंदी न्यायाधीशांपुढे गोऱ्यांचे खटले चालविण्याची गोष्ट निघताच युरोपियनांनी केवढे काहूर केले हे इतिहासात नमूद आहे. काळ्या न्यायाधीशाच्या मनात पक्षपात असणार, असे गृहीत धरूनच ते काहूर झाले. इंग्लंडातही शतकानुशतके परदेशी आरोपीस निम्मी परदेशी ज्युरी मागता येत असे. ती सवलत १८७० साली बंद झाली. अमेरिकेत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्ये काळ्या नागरिकांना ज्युरीतून कायद्यानेच वगळणे घटनाविरुद्ध ठरविले, आणि केवळ वर्णावरून ज्यूरर नाकारण्याचा सरकारी वकिलाचा डाव १९८६ मध्ये बंद केला. हिंदी आरोपीसाठी आपल्या कायद्यात एक कलम होते, नाही असे नाही. जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात ज्युरीपुढे खटला चालला तर हिंदी आरोपीस बहुसंख्य हिंदी ज्यूरर मागता येत. पण हायकोर्टास ते कलम लागू नव्हते. टिळक पुण्याचे, केसरी पुण्यात छापला जाई, आणि दोन्ही वेळा खटला मात्र मुंबईस हायकोर्टात चालला. कारण पत्राचे अंक मुंबईतही विकले जात. यात कायद्याचा भंग काहीच झाला नाही. कायद्याच्या चौकटीत राहूनही पंच कसे निवडता येतात, याचे हे उदाहरण आहे.

तिसरी ज्युरी १९०८ ची. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे बॉम्ब फुटून दोन युरोपियन स्त्रिया मृत्यू पावल्या. त्यावर केसरीने १२ मे रोजी देशाचे दुर्दैव आणि ९ जून रोजी हे उपाय टिकाऊ नाहीत, असे अग्रलेख लिहिले. बॉम्बचे समर्थन न करता, दडपशाहीने बॉम्ब थांबणार नाहीत, राज्यकारभारात सुधारणा केल्यानेच थांबतील, असा त्यांचा सारांश. २४ जूनला टिळकांस मुंबईत सरदारगृहात अटक झाली. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिना यांनी केला; न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांसाठी जामीन मागून मिळविला होता त्यांनीच तो आता नाकारला. पूर्वीचा वकील आपल्याच पक्षकाराचा न्याय करावयास बसला, हा संबंध दूर राहण्याजोगा होता की नव्हता? नियमाने त्यात काही वावगे नव्हते, कारण खटला दुसरा होता. परंतु मला असे वाटते की, पूर्वीचा स्नेह दाखविला असे कोणी म्हणू नये या धास्तीनेही मनुष्य कधी कधी उलट्या बाजूस अधिक कलतो. पक्षपाताच्या टाचणीत हा प्रकार कोणत्याही पंडिताने लिहिलेला मला आढळला नाही.

यानंतर सरकारने खास ज्युरीची मागणी केली. खास ज्युरीची यादी मालमत्ता, प्रतिष्ठा व शिक्षण पाहून केलेली असे, आणि त्या काळच्या मुंबईत तीत युरोपियनांचाच भरणा होता. टिळकांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली. माझगावचे हे ख्रिस्ती गृहस्थ लोकमान्यांचे निष्ठावंत स्नेही होते, आणि पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. आरोपीचा न्याय त्याच्या देशबांधवांनी करावा असा कायद्याचा आशय आहे. लेख मराठी आहेत, ते ज्यांस वाचता येत नाहीत अशांची बहुसंख्या या यादीतून येईल. असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. दावरसाहेबांनी सरकारची मागणी मान्य केली. नऊ जणांत सात युरोपियन व दोन पारशी आले. आठ नावे विनाकारण नाकारण्याचा हक्क अशा यादीपुढे काय कामाचा? एक युरोपियन उठवावा तर त्याच्या जागी दुसरा येऊन बसणार.

१३ जुलैला खटला सुरू झाला. लोकमान्यांनी वकील न लावता स्वतःच बचाव केला. सरकारी भाषांतरकारास त्यांनी एकेका मराठी शब्दावरून जे छेडले ते वाचताना जणू एखाद्या उत्तम शिक्षकाचा तास चालला आहे असे वाटते. त्यांच्या घरझडतीत स्फोटक द्रव्यांवरील पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले होते, त्यावर सरकारने फार भर दिला. अशा कायद्यावर टीका करावयाची तर तो विषय वाचावा लागतो, असा त्यांचा खुलासा होता. मग ते ज्युरीपुढे बोलावयास उभे राहिले ते सहा दिवसांत मिळून एकवीस तास दहा मिनिटे बोलले. त्या भाषणाचा रोख वाचकांनी पाहावा. तुम्ही इंग्रज आहात म्हणून तुम्ही अपात्र आहात, असे ते म्हणाले नाहीत. उलट इंग्लंडात छापखान्याचे स्वातंत्र्य ज्युरीनेच राखले, हा इतिहास त्यांनी त्या इंग्रजांनाच सांगितला. तुम्हांस मराठी येत नाही, तुम्ही भाषांतरावर अवलंबून आहात, माझ्याविषयी अँग्लो-इंडियन पत्रांतून वाचलेले तुमच्या डोक्यात आहे, ते बाजूस ठेवा, अशी त्यांनी विनवणी केली. ज्याचा पक्षपात गृहीत धरावयास न्यायालय तयार नाही, त्याच्या कर्तव्यबुद्धीस हाक घालणे एवढेच आरोपीच्या हाती उरते. ते त्यांनी पुरेपूर केले.

२२ जुलैच्या रात्री मत आले : सात विरुद्ध दोन, दोषी. सात म्हणजे युरोपियन आणि दोन म्हणजे पारशी. हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणत होते, ही गोष्ट पुढे ब्रिटिश पार्लमेंटातील प्रश्नोत्तरांतही निघाली, आणि दूर युरोपात लेनिनने त्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात तिचा उल्लेख केला. सहा वर्षे हद्दपारी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा दावरसाहेबांनी सांगितली. दुसऱ्या दिवशी लोकमान्यांस बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

त्या दोन पारशी गृहस्थांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पारशी समाज त्या काळी सरकारशी अत्यंत एकनिष्ठ समजला जाई. जन्मावरून मत ओळखावयाचे तर त्यांची मते सरकारच्या पदरात पडावयास हवी होती. सात वजनदार युरोपियनांच्या बरोबर एका खोलीत बसून त्यांनी नाही म्हटले. आणि न्यायासनावरचे दावर पारशीच असून त्यांनी सहा वर्षे सुनावली. म्हणून मी वर म्हटले की जन्माचा दाखला हा पक्षपाताचा पुरावा नव्हे. ज्ञाती, धर्म, वर्ण यांवरून मनुष्याचे मन वाचता येते असे ज्यांस वाटते त्यांनी या तीन पारशांची नावनिशी न पाहता मते सांगून पाहावीत. एकच गोष्ट पाहावयाची : या खटल्याच्या निकालाने पंचाचे स्वतःचे काही जाते किंवा येते काय?

लोकमान्य मंडालेस असताना आपल्या नाशिकात जे घडले ते वाचकांस ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. या खटल्यात आणि पुढच्या नाशिक कटाच्या खटल्यात ज्युरी नव्हतीच. १९०८ च्या अखेरीस झालेल्या नव्या कायद्याने अशा खटल्यांसाठी तीन न्यायाधीशांचे खास न्यायपीठ बसे. खास यादीतील युरोपियन ज्युरीतही एखाददुसरा हिंदी निघतो आणि नाही म्हणतो, एवढीही जोखीम आता सरकारास नको होती.

मंडालेत गीतारहस्य लिहून झाले. तेथेच असताना १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्याची वार्ता आली. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली. १९१६ मध्ये त्यांच्या भाषणांवरून पुन्हा राजद्रोहाचा ठपका ठेवून जामीन मागण्यात आला. ते प्रकरण हायकोर्टात गेले तेव्हा न्यायमूर्ती बॅचलर व लल्लूभाई शहा, म्हणजे एक इंग्रज व एक हिंदी, यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. ज्युरीशिवाय त्यांस जे मिळाले ते ज्युरीकडून कधी मिळाले नव्हते. १९१७ च्या मे महिन्यात होमरूल लीगच्या वार्षिक उत्सवास लोकमान्य नाशिकास आले. त्या वेळी येथे झालेले त्यांचे भाषण त्यांच्या गाजलेल्या भाषणांत गणले जाते.

नाशिकचा संबंध त्यांच्या चौथ्या ज्युरीशीही आला. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मध्ये हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक लिहून रँडच्या व जॅक्सनच्या खुनाचे खापर लोकमान्यांच्या लेखणीवर फोडले होते. जॅक्सनवर गोळी सुटली तेव्हा लोकमान्य ब्रह्मदेशात कैदेत होते. त्यांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे चालली. टिळकांचे वकील सर जॉन सायमन, चिरोलचे सर एडवर्ड कार्सन. या वेळी फिर्यादी लोकमान्य होते, आपण होऊन ते इंग्लिश ज्युरीपुढे गेले होते. महायुद्ध नुकतेच संपलेले, साम्राज्याचा अभिमान शिगेस पोचलेला; आणि कार्सनसाहेबांनी १८९७ व १९०८ च्या शिक्षा ज्युरीपुढे मांडल्या. मुंबईच्या युरोपियन ज्युरींनी दिलेली मते लंडनच्या इंग्रज ज्युरीपुढे पुरावा म्हणून उभी राहिली. निकाल चिरोलच्या बाजूने लागला. खर्चाचा आकडा लाखांत गेला आणि तो भरून काढण्यास महाराष्ट्रात वर्गणी गोळा करावी लागली.

मुंबईत सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे देहावसान झाले. १९०८ साली ज्या ठिकाणाहून त्यांस पकडून नेले होते तेच हे ठिकाण. गोऱ्या व हिंदी आरोपींसाठी ज्युरीच्या बाबतीत जो भेद होता त्या कलमांत १९२३ साली दुरुस्ती होऊन दोघांस पुष्कळसे एका पातळीवर आणण्यात आले. लोकमान्यांच्या पश्चात तीन वर्षांनी. स्वातंत्र्यानंतर नानावटी खटल्यात १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीस निर्दोष ठरविले, न्यायाधीशास ते पटले नाही, प्रकरण हायकोर्टात गेले आणि शिक्षा झाली. ज्युरीवर वर्तमानपत्रांचा व समाजातील तटांचा परिणाम होतो ही तक्रार तेव्हा फार बोलली गेली. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. पारशी विवाहविषयक दाव्यांत त्या समाजाचे प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसतात, ही मात्र १९३६ च्या कायद्याने ठेवलेली जुनी खूण आहे.

लोकमान्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ मध्ये, मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते मुंबई हायकोर्टात एक शिलालेख बसविण्यात आला. १९०८ च्या त्या रात्री ज्युरीचे मत ऐकल्यावर लोकमान्यांनी जे उद्गार काढले ते त्यावर कोरलेले आहेत. मंडळाची सहल मुंबईस गेली तर मुलांना तो अवश्य दाखवावा, आणि त्या नवांपैकी दोघांनी काय केले हेही सांगावे.